टिपकागदावरचे अश्रू

स्टॉकहोमच्या सेराफिमर रुग्णालयात १९२०च्या दशकाच्या अखेरीस एक मध्यमवयीन बाई डोळे दाखवायला आली. डोळे चुरचुरत होते, खुपत होते. तोंडाला सारखी कोरड पडत होती. शिवाय सांधे धरलेले होते. तपासणारा डॉक्टर तिशीच्या आसपासचा होता. त्याचे नाव हेन्रिक शोग्रेन. आपल्याकडचे बरेच डॉक्टर या नावाचा उच्चार ‘जोग्रेन’ असा करतात. तो डोळ्यांचा डॉक्टर. सांधे वेगळ्या विभागाचे आणि तोंडाची कोरड आणखी तिसऱ्याची. एवढ्यावर थांबून त्याने डोळ्यांत घालायला थेंब लिहून दिले असते, तर त्या काळात त्याला कोणी बोल लावला नसता. पण त्याने तिचे तिन्ही त्रास एकाच कागदावर लिहिले, आणि तशा आणखी बायका शोधायला लागला.

अशा बायकांची पंचाईत अशी, की तक्रार मोठी आणि दिसायला काहीच नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वाटते, पण पापणी उलटून पाहिली तर कण सापडत नाही. उजेड सोसवत नाही, धूर सोसवत नाही, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. कित्येकींना रडू येते, पण डोळ्यांत पाणी येत नाही. हे ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. या रोगाच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, आणि त्याही बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या. त्या वयातल्या बाईचे दुखणे ‘मनाचे खेळ’ म्हणून बाजूला सारायची सवय कोणत्या देशात नव्हती? या रोगाचा इतिहास वाचताना मला सारखे जाणवते ते हेच: जी गोष्ट बाई तोंडाने सांगत होती, तिचा पुरावा तिच्या डोळ्यांतल्या पाण्यातून काढायला शास्त्राला शंभर वर्षे लागली. आणि ते पाणी तर मुळात थेंबभरही मिळत नव्हते.

शोग्रेनच्या आधी हे कोणी पाहिलेच नव्हते असे नाही. जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी १८८२ मध्ये बुबुळावर लोंबणाऱ्या चिकट धाग्यांचे वर्णन केले होते. सुकलेला चिकट स्राव आणि बुबुळावरच्या मेलेल्या पेशी यांचे ते धागे. एक टोक बुबुळाला घट्ट, दुसरे मोकळे. पापणी मिटली की धागा ओढला जातो आणि कळ मस्तकात जाते. लंडनमध्ये १८८८ साली डब्ल्यू. बी. हॅडन यांनी एका पासष्ट वर्षांच्या बाईची हकिगत वैद्यक मंडळासमोर मांडली. तिचे तोंड ठणठणीत कोरडे, आणि डोळ्यांतले पाणीही आटलेले. हॅडननी तिला जाबोरांडी या ब्राझीलमधल्या झुडपाचा अर्क दिला, आणि तिला उतार पडला. त्याच झुडपातून पायलोकार्पिन हे द्रव्य त्याआधीच वेगळे काढले गेले होते. शोग्रेनच्या रोगातल्या कोरड्या तोंडासाठी अमेरिकेने ते गोळीच्या रूपात १९९८ साली मंजूर केले. हॅडनच्या अर्काला ११० वर्षांनी सरकारी मोहोर मिळाली म्हणायची. फ्रान्समध्ये आंरी गुजेरो या त्वचातज्ज्ञाने १९२५ मध्ये डोळे, तोंड आणि इतर श्लेष्मल भाग कोरडे पडण्याचा संबंध जोडला. म्हणून फ्रेंच डॉक्टर आजही या रोगाला गुजेरो-शोग्रेन असे जोडनाव देतात. सगळ्यांच्या हाती एकेक तुकडा होता.

शोग्रेनच्या हातात मात्र दोन साधने होती, आणि दोन्ही अगदी साधी.

पहिले म्हणजे टिपकागद. बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्ड शहरातले नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये अश्रूंचे मोजमाप प्रसिद्ध केले. टिपकागदाची पाच मिलिमीटर रुंद आणि पस्तीस मिलिमीटर लांब पट्टी घ्यायची, तिचे टोक दुमडायचे आणि खालच्या पापणीच्या आत, बाहेरच्या बाजूला अडकवायचे. पाच मिनिटे थांबायचे. ओल कुठवर चढली ते पट्टीवर मोजायचे. निरोगी डोळ्यात ती दहा-पंधरा मिलिमीटर किंवा त्याहून वर जाते. पाचाच्या आत थांबली, तर अश्रू कमी. शाळेत शाईचा डाग टिपायला जो कागद वापरत, त्याच जातीचा हा कागद. ‘रडू येत नाही’ या वाक्याला मिलिमीटरचा आकडा लावणारे हे माप. नंतर त्यात थोडे फेरफार झाले, पण मूळ कृती तीच राहिली.

दुसरे साधन म्हणजे रोज बंगाल हा गडद गुलाबी रंग. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत तो डोळ्यांसाठी वापरला गेला होता, पण त्याची किंमत ओळखली ती शोग्रेनने. अश्रूंचा थर विरळ झाला की बुबुळाचा आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा पृष्ठभाग उघडा पडतो. नेमक्या तिथल्या पेशी हा रंग धरतात. पापण्यांच्या फटीत जो भाग हवेला उघडा असतो, तिथे दोन्ही बाजूंना गुलाबी त्रिकोण उमटतात. रंग घालताना डोळ्यांची आग होते, आणि ज्यांचे डोळे आधीच कोरडे त्यांना तर जास्तच. तरीही त्या रंगाने बाईची तक्रार पहिल्यांदा डोळ्यांना दिसेल अशी करून दाखवली, हे मला फार मोठे वाटते.

१९३० मध्ये शोग्रेनने काही रुग्णांची प्राथमिक नोंद स्वीडिश भाषेत छापली. १९३३ मध्ये त्याचा जर्मन भाषेतला प्रबंध आला. त्यात १९ रुग्ण होते. सगळ्या बायका. त्यांतल्या १३ जणींना जुनाट सांधेदुखीचा आजार होता. त्याने या अवस्थेला नवे लॅटिन नाव दिले: केराटोकंजंक्टिव्हायटिस सिक्का, म्हणजे बुबुळाचा आणि डोळ्याच्या आवरणाचा कोरडा दाह. त्याला ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळे कोरडे पडण्याचा रोग आणि हा रोग वेगवेगळे ठेवायचे होते. तो जुना रोग भारतातल्या गरीब मुलांना आंधळे करीत होता. रातांधळेपणाने त्याची सुरुवात होई. शोग्रेनच्या रुग्ण बायकांचा रोग पोटाच्या उपासमारीतून आलेला नव्हता. त्यांच्या अश्रूग्रंथीच आजारी होत्या. त्या ग्रंथींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पाणी पाझरणाऱ्या पेशींच्या जागी गोल, लहान, गडद पेशींची गर्दी त्याला दिसली. आज आपण त्यांना लिंफोसाइट म्हणतो. त्या तिथे काय करत होत्या, हे सांगणारे शास्त्र तेव्हा जन्मलेले नव्हते. पण त्याने ती गर्दी पाहिली आणि लिहून ठेवली.

त्याने निवडलेल्या नावातच ‘दाह’ हा शब्द होता, हे ध्यानात ठेवायला हवे. पुढची पन्नास वर्षे लोक ‘कोरडा’ तेवढे वाचत राहिले आणि ‘दाह’ विसरले.

परीक्षकांना प्रबंध फारसा पटला नाही. दोसेंत, म्हणजे विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळावा एवढे गुण त्याला मिळाले नाहीत, आणि विद्यापीठातला रस्ता तिथेच बंद झाला. १९३६ मध्ये शोग्रेन योनशोपिंगला गेला. व्हेटर्न सरोवराच्या दक्षिण टोकावरचे हे शहर तेव्हा साऱ्या जगाला माहीत होते ते काडेपेट्यांमुळे. अंबरनाथच्या विमकोच्या काडेपेट्याही स्वीडिश भांडवलावरच निघाल्या, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. त्या शहरातल्या रुग्णालयात त्याने नेत्रविभाग चालवला, बुबुळरोपणाच्या शस्त्रक्रिया केल्या आणि १९६७ पर्यंत तिथेच काम केले. विद्यापीठाने नाकारलेल्या माणसाचे नाव रोगाला लागले, त्याचे श्रेय जगाच्या दुसऱ्या टोकाला जाते. टास्मानियातल्या होबार्ट शहरातले नेत्रतज्ज्ञ ब्रूस हॅमिल्टन यांनी त्याच्या जर्मन प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९४३ मध्ये, महायुद्ध पेटलेले असताना, छापून आले. इंग्रजी जगात शोग्रेन पोहोचला तो या भाषांतरामुळे. गोथेनबर्ग विद्यापीठाने त्याला दोसेंत ही पदवी १९५७ मध्ये दिली, आणि स्वीडिश सरकारने प्राध्यापक हा किताब १९६१ मध्ये. प्रबंधाला २८ वर्षे झाली होती.

आता थोडे मागे, १९२२च्या लंडनला जायला हवे. कारण पुढची गोष्ट अश्रूंच्या आत काय असते याची आहे, आणि ते दार आधी अलेक्झांडर फ्लेमिंगने उघडले होते. पेनिसिलिनच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. सेंट मेरीज रुग्णालयात काम करताना स्वतःच्या सर्दीतल्या शेंबडाने जंतू विरघळतात, हे फ्लेमिंगच्या ध्यानात आले. मग त्याने शरीरातले इतर स्राव तपासायला घेतले, आणि अश्रूंमध्ये ते द्रव्य सगळ्यांत जोरदार निघाले. त्याला त्याने लायसोझाइम हे नाव दिले. प्रयोगाला अश्रू लागत, म्हणून सहकाऱ्यांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि भेटायला येणाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळून अश्रू गोळा केले जात. तोवर अश्रू म्हणजे खारट पाणी, अशीच समजूत होती. फ्लेमिंगने दाखवले की त्या थेंबात काम करणारी प्रथिने असतात.

अश्रूंच्या प्रयोगशाळेतल्या इतिहासात ते लिंबू पुन्हा पुन्हा डोके वर काढते. लिंबू पिळून, कांदा कापून किंवा काडीने नाक चाळवून काढलेले अश्रू आणि डोळ्यावर सदासर्वदा पसरलेला शांत थर हे एक नव्हेत. पहिले धारेने येतात आणि सगळे काही पातळ करून टाकतात. जो कोरड्या डोळ्यातली खूण शोधतो आहे, त्याला धार चालत नाही. त्याला तो शांत थर हवा. आणि निरोगी डोळ्यातही त्या थरात आणि पापणीच्या काठावर मिळून अश्रू किती, तर सुमारे सात मायक्रोलिटर. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या एका थेंबाचाही तो लहानसा अंश. शोग्रेनच्या रुग्ण बाईकडे तेवढेही नसतात.

१९५०च्या सुमारास अमेरिकेत असे दिसले की कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांच्या अश्रूंत लायसोझाइम कमी असते. नेदरलँड्समधले ओ. पी. व्हान बाइस्टरव्हेल्ड यांनी १९६९ मध्ये शिर्मरची पट्टी, रोज बंगालचे गुण आणि लायसोझाइम या तिन्ही कसोट्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. म्हणजे अश्रूंतल्या एका प्रथिनाचे मोजमाप निदानाच्या कामात आले. पण ही खूण उणेपणाची होती. काय नाही एवढेच ती सांगत होती.

दरम्यान शरीराच्या इतर भागांतून बातम्या येत होत्या. १९५३ मध्ये अमेरिकेतले मॉर्गन आणि कॅसलमन यांनी लाळग्रंथी आणि अश्रूग्रंथींचे काप तपासून त्यांतली लिंफोसाइटची गर्दी पुन्हा पुढे आणली. १९५८ मध्ये बॅरी जोन्स यांनी अशा रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच ग्रंथींविरुद्धची प्रतिपिंडे सापडल्याचे लिहिले. शरीराची राखण करणारी यंत्रणा स्वतःच्याच घरावर उलटते, ही स्वयंप्रतिकाराची कल्पना तेव्हा नवीच होती. बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जोसेफ ब्युनिम आणि त्यांचे सहकारी या रोगामागे लागले. त्यांनी दाखवले की हा रोग डोळे आणि तोंडावर थांबत नाही. फुप्फुसे, मूत्रपिंडे, नसा, कातडी, कुठेही पोहोचतो. १९६४ मध्ये नॉर्मन टलाल आणि ब्युनिम यांनी त्याहून गंभीर गोष्ट नोंदवली: यांतल्या काही रुग्णांना लसिकाग्रंथींचा कर्करोग होतो. १९६८ मध्ये चिझम आणि मेसन यांनी खालच्या ओठाच्या आतल्या बारीक लाळग्रंथीचा तुकडा काढून लिंफोसाइटची गर्दी मोजायची पद्धत बसवली. ओठाला छोटी चीर, एक-दोन टाके. कोरड्या डोळ्यांचे उत्तर ओठात सापडू लागले. मग रक्तातल्या दोन प्रतिपिंडांना रो आणि ला ही नावे मिळाली, ज्या रुग्णांच्या रक्तात ती सापडली त्यांच्या आडनावांची पहिली अक्षरे. रो हे प्रतिपिंड गर्भवतीच्या रक्तातून वारेवाटे बाळाकडे जाऊ शकते आणि क्वचित बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची वाट अडवते, हेही पुढे कळले. डोळ्यांत वाळू खुपते म्हणणाऱ्या बाईला कोणी हसत असेल, तर त्याने एवढे एकच वाक्य वाचावे.

एवढे कळूनही १९७० आणि ८०च्या दशकांत डोळ्यांचा उपचार होता तिथेच राहिला. कृत्रिम अश्रू. पाणी आटले, तर पाणी घाला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असा तो हिशेब होता. ग्रंथी मेली, अश्रू संपले, आता वरून शिंपडत राहायचे. पण दिवसातून वीस वेळा थेंब घालूनही आग कमी होत नाही, हे रुग्ण सांगत होते. ग्रंथींचे काप पाहणाऱ्यांनाही एक गोष्ट खटकत होती. कित्येक रुग्णांच्या ग्रंथीचा बराच भाग शाबूत दिसे, तरी तिच्यातून पाणी येत नसे. म्हणजे सगळी ग्रंथी मेलेली नव्हती. तिला कोणीतरी गप्प बसवले होते.

ही गाठ सुटायला कुत्रे कारणी लागले. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयात रेनी कॅस्वान यांच्याकडे कोरड्या डोळ्यांचे कुत्रे येत. कॉकर स्पॅनिएल, बुलडॉग अशा जातींत हा त्रास फार. बुबुळावर काळपट पडदा चढायचा आणि कुत्रा आंधळा व्हायचा. तेव्हाचा उपाय ऐकून नवल वाटेल: गालातल्या लाळग्रंथीची नळी सोडवून ती डोळ्यात आणून शिवायची. मग कुत्र्यापुढे खाणे आले की डोळ्यांतून लाळ वाहायची. कॅस्वान यांनी कुत्र्यांच्या अश्रूग्रंथी तपासल्या, तेव्हा त्यांत शोग्रेनने पाहिली तशीच लिंफोसाइटची गर्दी दिसली. मग त्यांनी डोळ्यात सायक्लोस्पोरिन घालून पाहिले. हे औषध नॉर्वेतल्या हार्डांगरविदा पठाराच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून काढलेले, आणि बाझेलच्या सँडोझ कंपनीत त्याचा प्रतिकारशक्तीवरचा परिणाम १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उमगलेला. मूत्रपिंड बसवल्यावर शरीराने ते नाकारू नये म्हणून ते देत. कुत्र्यांच्या डोळ्यांत हे थेंब पडल्यावर अश्रू परत येऊ लागले, बुबुळे उजळली. कॅस्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये नेत्रतज्ज्ञांच्या नियतकालिकात लिहिले, की माणसांच्या कोरड्या डोळ्यांसाठी कुत्रा हा उपयोगी नमुना आहे. आटलेला झरा पुन्हा पाझरतो म्हटल्यावर तो आटला नव्हताच, कोंडला होता.

कोंडणारे द्रव्य कोणते? इथून इतिहास पुन्हा अश्रूंच्या थेंबाकडे वळतो.

पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते सायटोकाइन नावाच्या प्रथिनांतून. इंटरल्यूकिन, इंटरफेरॉन, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ही त्यांतली नावे. कुठे आग लागली, कोणाला बोलवायचे, कोणाला मारायचे, हे सारे त्यांतून ठरते. १९९०च्या दशकात मायामीमध्ये स्टीफन फ्लुगफेल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोग्रेनच्या रुग्णांच्या डोळ्यांत हे निरोप शोधायला सुरुवात केली. पहिला अडथळा तोच जुना: अश्रू पुरेनात. त्या काळातली नेहमीची चाचणी एका वेळी एकच प्रथिन मोजायची, आणि तेवढ्यालाही दहा-दहा मायक्रोलिटर लागत. म्हणून सुरुवातीला डोळ्याच्या पांढऱ्या भागावर कागदासारखा पापुद्रा अलगद टेकवून त्याला चिकटलेल्या पेशी तपासल्या. १९९४ मध्ये त्यांनी लिहिले की या पेशींमध्ये इंटरल्यूकिन-६ बनवण्याचा हुकूम वाढलेला आहे. १९९९ आणि २००१ मध्ये ते थेट अश्रूंपर्यंत पोहोचले. बारीक काचनळी पापणीच्या काठावर टेकवायची, थर हलू द्यायचा नाही, आणि केसासारख्या त्या नळीत जेवढे चढेल तेवढे घ्यायचे. अश्रूंत इंटरल्यूकिन-१चे काम करणारे रूप वाढलेले निघाले. उलट पृष्ठभागाच्या पेशींना भरून यायला मदत करणारे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर हे द्रव्य कमी झालेले होते. घर जळते आहे आणि गवंडी गायब, असे ते चित्र.

इथे एक रास्त शंका आली, आणि ती विचारणारे चुकीचे नव्हते. पाणी कमी झाले की आमटी खारट लागते. मीठ जास्त पडले असे होत नाही. अश्रू आटल्यावर त्यांतली सगळीच प्रथिने दाट होणार, मग सायटोकाइन वाढले म्हणजे आग वाढली हे कसे मानायचे? उत्तर दोन बाजूंनी मिळाले. एक, सगळीच प्रथिने वाढलेली नव्हती. लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन ही ग्रंथीत बनणारी प्रथिने उलट कमी होती. दुसरे, पापुद्र्यावर घेतलेल्या पेशींच्या आतच सायटोकाइन बनवण्याचे हुकूम वाढलेले दिसत होते, आणि पेशीतल्या हुकुमाला पातळ-दाट होण्याचा प्रश्न नसतो. मला या उत्तराइतकीच ती शंकाही आवडते. अशा शंका सोडवता सोडवताच हे शास्त्र उभे राहिले.

मग साखळी जुळत गेली. अश्रू कमी आणि खारट झाले की पृष्ठभागाच्या पेशी त्या खारटपणाने चेततात आणि इंटरल्यूकिन-१, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर सोडतात. त्यांच्या हाकेने एमएमपी-९ नावाचे विकर बाहेर पडते. ते कात्रीसारखे बुबुळाच्या वरच्या पेशींमधले सांधे कापते, आणि पृष्ठभाग सोलल्यासारखा होतो. तीच कात्री इंटरल्यूकिन-१च्या निजलेल्या रूपाला जागे करू शकते. म्हणजे आग स्वतःला वारा घालते. लिंफोसाइट धावून येतात, इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, आणि श्लेष्मल स्राव बनवणाऱ्या पेशी मरू लागतात. म्हणून अश्रू डोळ्यावर टिकत नाहीत. शिवाय ही द्रव्ये ग्रंथीत मज्जातंतूंचा निरोपच अडवतात, त्यामुळे शाबूत ग्रंथीही गप्प बसते. १९९८ मध्ये मायकेल स्टर्न, फ्लुगफेल्डर आणि इतरांनी मांडले की डोळ्याचा पृष्ठभाग, ग्रंथी आणि त्यांना जोडणाऱ्या नसा हे एकच यंत्र आहे. एक बिघडले की बाकीचे बिघडतात. शोग्रेनच्या नावातला ‘दाह’ पासष्ट वर्षांनी पुन्हा आपल्या जागी आला. स्वतः शोग्रेन तेव्हा नव्हता. १९८६ मध्ये कोपनहेगनला या रोगावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला तो लुंडमध्ये वारला.

२००२च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सायक्लोस्पोरिनचे ०.०५ टक्क्यांचे थेंब मंजूर केले. डोळ्यातल्या दाहामुळे ज्यांचे अश्रू दबले आहेत असे वाटते, त्यांच्यासाठी. कुत्र्यांचे औषध माणसांपर्यंत आले होते. ते सगळ्यांना लागू पडत नाही, आणि पडले तरी महिनोन् महिने घालावे लागते, सुरुवातीला झोंबतेही. पण आता उपचार पाण्यावर नव्हे, आगीवर होता. २००७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी कोरड्या डोळ्यांची व्याख्या नव्याने लिहिली आणि तिच्यात खारटपणा आणि दाह हे दोन्ही शब्द आले. २०११ मध्ये टेनिसपटू व्हीनस विल्यम्स हिने आपल्याला हा रोग असल्याचे जाहीर केले आणि ती अमेरिकन खुल्या स्पर्धेतून बाहेर पडली. हे नाव कधी न ऐकलेल्या लाखो लोकांनी ते त्या दिवशी ऐकले.

अश्रूंची तपासणीही सोपी होत गेली. रंगीत सूक्ष्म मण्यांवर एकाच वेळी वीस-पंचवीस प्रथिने मोजणारी यंत्रे आली आणि काही मायक्रोलिटरांत सगळा जाबजबाब होऊ लागला. इंटरल्यूकिन-१७ची नोंद झाली, लिंफोसाइटना आमंत्रण देणाऱ्या सीएक्ससीएल-१० आणि तिच्या भावंडांची झाली. २०१३ मध्ये अमेरिकेत एमएमपी-९ दवाखान्यातच पाहायची पट्टी आली. पापणीच्या आत अनेक ठिकाणी टेकवायची, दहा मिनिटे थांबायचे. दर मिलिलिटरमागे ४० नॅनोग्रॅम किंवा अधिक असेल तर लाल रेघ उमटते. घरगुती गर्भचाचणीसारखीच ती दिसते. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या सारा हॅम-अल्वारेझ आणि सहकाऱ्यांनी कॅथेप्सिन-एस हे विकर पुढे आणले. शोग्रेनच्या रुग्णांच्या अश्रूंत त्याची क्रियाशीलता इतर कोरड्या डोळ्यांपेक्षाही वाढलेली त्यांना दिसली, आणि हा शोध उंदरांच्या अश्रूग्रंथींपासून सुरू झालेला होता. हे महत्त्वाचे अशासाठी, की एमएमपी-९ची लाल रेघ दाह आहे एवढेच सांगते. तो स्वयंप्रतिकाराचा की आणखी कशाचा, हे ती सांगत नाही.

आणि नेमके इथेच अश्रूंची साक्ष अजून अपुरी पडते. सॅन फ्रान्सिस्कोच्या पुढाकाराने २००३ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात साडेतीन हजारांच्या आसपास लोक तपासले गेले. अर्जेंटिना, चीन, डेन्मार्क, जपान, ब्रिटन यांच्याबरोबर आपल्या मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालयही त्यात होते. त्या माहितीचाही आधार घेऊन २०१६ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांनी एकत्र बसून या रोगाचे निकष ठरवले. ओठाच्या तुकड्यातल्या गर्दीला तीन गुण. रो प्रतिपिंडाला तीन गुण. पृष्ठभागाच्या रंगण्याला एक, लाळ कमी असल्यास एक. आणि शिर्मरच्या पट्टीवर पाच मिनिटांत पाच मिलिमीटर किंवा कमी ओल, त्याला एक. एकूण चार झाले की रोग. अश्रूंतल्या एकाही दाहद्रव्याला एकही गुण नाही.

कारणे समजण्यासारखी आहेत. एक प्रयोगशाळा काचनळीने अश्रू घेते, दुसरी स्पंजाने, तिसरी डोळा धुऊन. एकीने मोजलेला आकडा दुसरीशी जुळत नाही. दिवसाच्या कोणत्या वेळी घेतले, नळीने पापणी चाळवली का, थेंब गोठवायला किती वेळ गेला, या सगळ्याने सायटोकाइन खालीवर होतात. मला स्वतःला वाटते की गुण न देणाऱ्यांनी योग्य केले. ज्या बायकांची तक्रार इतकी वर्षे कोणी ऐकली नाही, त्यांच्या वाट्याला कच्चा पुरावा येऊ नये.

म्हणून प्रयोगशाळांत पुन्हा शिर्मरचीच पट्टी हातात घेतली जाते. पूर्वी पाच मिनिटे झाली की ओल मोजायची, आकडा लिहायचा आणि पट्टी टोपलीत टाकायची. आता आकडा लिहून झाल्यावर ती चिमट्याने उचलतात आणि छोट्या नळीत सोडतात. नळीवर रुग्णाचा क्रमांक आणि वेळ लिहितात, आणि ती उणे ८० अंशांच्या शीतपेटीत ठेवतात. नंतर कधीतरी ती पट्टी बारीक कापून क्षारद्रावणात भिजवली जाते, आणि कागदाने टिपलेले सारे हळूहळू पाण्यात उतरते. ज्या बाईच्या पट्टीवर ओल जेमतेम दोन मिलिमीटर चढली होती, तिची पट्टीही त्यात असते.